ससा आणि गेंडा : ड्यूररची दोन चित्रे

गेल्या नाताळात आमच्या धर्मग्रामातील मुलांनी काढलेली गव्हाणीची चित्रे पाहण्याचा योग आला. रंगसंगती सुरेख होती. परंतु बहुतेक गाढवांचे मागचे पाय माणसाच्या गुडघ्यासारखे पुढे वाकलेले! जनावराच्या मागच्या पायाचा जो सांधा आपण गुडघा समजतो, ती वस्तुतः टाच असते. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेला असतो. या निमित्ताने आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराची दोन चित्रे आठवली.

त्याचा १५०२ सालचा ‘ससा’ व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. या लहानशा जलरंगचित्रात कानावरची, छातीवरची व पाठीवरची लव निरनिराळ्या दिशांना वळते, कारण तिच्याखालचे शरीरच तसे वळलेले आहे. ससा निवांत बसला आहे, तरी अंगाखाली दुमडलेल्या मागच्या पायांतील उडीची ताकद जाणवते. डोळ्यात तर खिडकीच्या चौकटीचे प्रतिबिंबही आहे.

तेरा वर्षांनी त्याच हाताने गेंडा काढला. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशहा याने आल्बुकर्कला नजर केलेला हा प्राणी गोव्याहून जहाजाने १५१५ च्या मे महिन्यात लिस्बनला पोहोचला. ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. कोणाचे तरी वर्णन व एक रेखाटन यांवरून त्याने लाकडी ठसा करविला. कातडीच्या घड्यांचे चिलखताचे पत्रे झाले, पायांवर खवले आले आणि खांद्यावर आणखी एक छोटे शिंग उगवले.

रसिक याला प्रतिभेचा विलास म्हणतात. मला तसे म्हणवत नाही. रेषा समर्थ आहे, देहाचा भारदस्तपणाही उतरला आहे. पण त्या सामर्थ्यामुळेच चूक खरी वाटली आणि दोन शतकांहून अधिक काळ ग्रंथांतून उतरविली गेली. क्लारा नावाची गेंडी युरोपभर फिरविण्यात आली आणि १७४९ मध्ये पॅरिसला उद्रीने तिला समोर पाहून रंगविले, तेव्हा कोठे ते चिलखत गळू लागले. खुद्द तो पहिला गेंडा पोप दहावे लिओ यांच्या भेटीस निघाला असता १५१६ च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्यापाशी जहाजासह बुडाला. चित्र मात्र तरले, खांद्यावरच्या शिंगासह.

मुलांना मी शेजारच्या अंगणातील शेळीपाशी नेले. तिची टाच कोठे आहे, हे प्रत्येकाने हाताने चाचपून पाहिले. शेळीने दोघांना लाथा मारल्या. कागद-पेन्सिली त्यानंतरच बाहेर निघाल्या.