बंड, उठाव आणि गद्दारी

जून २०२२मध्ये एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन आधी सुरतेला आणि मग गुवाहाटीला गेले. घटना एकच, पण तिला नावं तीन मिळाली. 'सामना'च्या लेखी ती गद्दारी होती, शिंदे गटाच्या लेखी उठाव. बहुतेक मराठी वृत्तपत्रांनी 'बंड' हा शब्द वापरला. तो मधला, म्हणून तटस्थ, असं तेव्हा मला वाटलं होतं. आता तसं वाटत नाही.

'सामना' बाळासाहेब ठाकरे यांनी १९८८मध्ये सुरू केला. ते ठाकरेंच्या शिवसेनेचं मुखपत्र आहे, हे त्याने कधी लपवलं नाही. त्यामुळे पक्षाचा वाटा वजा करूनच आपण तो वाचतो. प्रश्न उरतो तो इतरांचा. 'लोकमत'चे जवाहरलाल दर्डा काँग्रेसचे मंत्री होते. पुढे विजय दर्डा राज्यसभेत गेले, राजेंद्र दर्डा मंत्री झाले. 'सकाळ' शरद पवारांच्या बंधूंच्या कुटुंबाकडे आहे. यात गुपित काही नाही. पण बातमी वाचताना हे किती जणांच्या लक्षात असतं?

म्हणून प्रत्येक बातमी मालकाच्या सांगण्यावरून छापली जाते, असं मात्र नाही. यांपैकी नसलेल्या एका दैनिकात मी काही वर्षं डेस्कवर होतो. 'ही बातमी थांबवा' असा फोन मला एकदाही आला नाही. गरजच पडली नाही. मालकांच्या जवळच्या नेत्यावर आरोप झाले, की मथळा 'विरोधकांची टीका'. दुसऱ्या पक्षाच्या नेत्यावर झाले, की 'नेते अडचणीत'. पहिल्यात बातमी आरोप करणाऱ्याची होते, दुसऱ्यात आरोप झालेल्याची. खोटं दोन्हींत काही नसायचं. असे मथळे मीही दिलेत. ती मला 'आपल्या पेपरची भाषा' वाटायची.

'बंड'ही तशीच भाषा आहे. हा शब्द वापरला की गोष्ट नेता आणि त्याच्या अनुयायांची होते. पक्षांतरबंदी कायद्याचं काय, मत दिलेल्या माणसाचं काय, हे प्रश्न मागे पडतात. आणि ते मागे पडणं कोणत्याही एका पक्षाच्या नव्हे, सगळ्यांच्याच सोयीचं असतं.

मुखपत्र वाचताना मी आधीपासूनच सावध असतो. हल्ली रोज घरी येणाऱ्या पेपरच्या मथळ्यातही आधी कर्ता शोधतो, आणि कोणाचं नाव गाळलंय ते पाहतो.