नगरचीं व्याख्यानें आणि त्यांचे वाचक

लोकमान्य टिळकांनीं ता. ३१ मे व १ जून १९१६ रोजीं अहमदनगरास, म्हणजे हल्लींच्या अहिल्यानगरास, दिलेलीं दोन व्याख्यानें सर्वांस ऐकून ठाऊक आहेत. वाचलीं मात्र थोड्यांनीं आहेत. वाङ्मय या दृष्टीनें आमच्या टीकाकारांनीं त्यांकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. त्यांचें खरें बारकाईचें परीक्षण झालें तें मुंबई हायकोर्टांत.

नगरचे आमचे एक वकील स्नेही मोठे संशयी आहेत. ते म्हणतात, "तुम्ही प्रोफेसर मंडळी त्या निकालास भाषणस्वातंत्र्याचा विजय म्हणतां. कायदा तेथें तसूभर हलला नाहीं. आरोपीला वाचक बरा भेटला, इतकेंच." प्रथम आम्हांस हा वकिली पेंच वाटला. पुढें व्याख्यानें व निकाल शेजारीं ठेवून पुन्हा वाचले, तेव्हां तो इतक्या सहज बाजूस सारतां येईना.

ता. २८ एप्रिल १९१६ रोजीं बेळगांवास होमरूल लीग स्थापन झाली. १ मे रोजीं टिळक तेथें बोलले व महिनाअखेर नगरास आले. २३ जुलैस त्यांस साठ वर्षें पुरीं झालीं. पुण्यास लोकांनीं एक लाख रुपयांची थैली अर्पण केली, आणि त्याच दिवशीं सरकारची नोटीस येऊन थडकली: या तीन भाषणांबद्दल वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठीं २०,००० रुपयांचा जातमुचलका व १०,००० चे दोन जामीन कां घेऊं नयेत? जिल्हा मॅजिस्ट्रेट हॅच यांनीं ऑगस्टांत तसा हुकूमही दिला. ही झाल्या अपराधाची शिक्षा नव्हे. पुढें तोंड उघडूं नये म्हणून घातलेली गांठ होती.

आतां व्याख्यानांकडे वळूं. 'केसरी'च्या अग्रलेखांतली भाषा येथें नाहीं. वक्ता बाजारपेठेंतल्या माणसाशीं बोलतो आहे. प्रश्न स्वतःच विचारतो, उत्तर स्वतःच देतो, व ऐकणाऱ्यास वाटतें कीं उत्तर आपणच दिलें. सर्वांत सरस भाग 'परका' या शब्दाचा. श्रोत्यांच्या मनांत त्या शब्दाचा अर्थ ठरलेला होता: गोरा तो परका. टिळक तोच अर्थ मोडून काढतात. परकेपणा कातडीच्या रंगांत नाहीं, धर्मांत नाहीं, धंद्यांत नाहीं. तो हितसंबंधांत आहे. या देशाचें हित साधणारा मुसलमान असो वा इंग्रज असो, तो परका नव्हे. रूढ शब्द रिकामा करून त्यांत नवा अर्थ भरण्याचें हें कौशल्य मराठी वक्तृत्वांत विरळा. पण हाच शब्द एकटा उचलून पोलिसी टिपणांत लिहिला, तर त्यांतून निव्वळ द्वेष निघेल. राजनिष्ठेचीं वाक्यें मात्र आम्हांस मध्यम वाटलीं. टिळक एल्एल्. बी. होते, कायद्याचा वर्गही त्यांनीं चालविला होता, हें त्या ठिकाणीं लपत नाहीं.

हायकोर्टांत बॅ. जिना यांनीं मुद्दा मांडला कीं, टीका नोकरशाहीवर आहे, सरकारवर नाहीं. न्या. बॅचलर यांनीं हा भेद सरसकट मानला नाहीं. सरकार माणसांच्याच हातून चालतें. तेव्हां नोकरशाहीवरील टीकेनें सरकारचा द्वेष उत्पन्न होतो कीं नाहीं, हा त्यांच्या मतें केवळ वस्तुस्थितीचा प्रश्न. म्हणजे बचावाचा कायदेशीर किल्ला तेथेंच ढासळला! मग टिळक सुटले कशानें? न्यायमूर्तींनीं सुटीं वाक्यें न चिमटतां भाषणें समग्र वाचलीं, व त्यांचा एकंदर परिणाम काय होईल हें पाहिलें म्हणून. ता. ९ नोव्हेंबर १९१६ रोजीं हुकूम रद्द झाला, न्या. शहा यांचाही निर्णय तोच. भाषणें मूळ मराठी, पुढें आलीं तीं इंग्रजी भाषांतरें. तरी वाचन चुकलें नाहीं.

येथें स्नेह्यांचा संशय बळावतो. राजद्रोहाचें १२४-अ कलम तेंच, आरोपी तोच. पण १८९७ त न्या. स्ट्रॅची यांनीं प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीति असा अर्थ ज्यूरीस सांगितला, आणि सहा विरुद्ध तीन मतांनीं टिळक दोषी ठरले. १९०८ त ज्यूरीच्या नऊ जणांपैकीं सात युरोपियन होते. मराठी न कळणाऱ्या या वाचकांसाठीं टिळकांनीं सरकारी भाषांतरकाराची शब्दाशब्दावर उलटतपासणी केली. ती व्यर्थ गेली, आणि न्या. दावर यांनीं सहा वर्षांची शिक्षा दिली. (हेच दावर १८९७ त टिळकांच्या जामिनासाठीं भांडले होते.) पुढेंही लंबक हलतच राहिला. १९४७ त प्रिव्ही कौन्सिलनें कडक अर्थ उचलून धरला. १९६२ त आपल्या सुप्रीम कोर्टानें हिंसेची वा अव्यवस्थेची चिथावणी असेल तेथपर्यंतच कलम आकुंचित केलें. २०२२ च्या मे महिन्यांत त्याचा अंमल थांबविला गेला, आणि १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेंत १५२ वें कलम निराळ्या शब्दांनीं आलें आहे. तेंही कोणीतरी वाचणारच आहे.

तरी स्नेह्यांशीं आमचें पुरतें जमत नाहीं. चांगला वाचक हा निव्वळ दैवयोग असता, तर आम्ही तीस वर्षें वर्गांत काय करीत आलों? बॅचलर यांनीं आपण कसें वाचलें हें लिहून ठेवलें. त्यामुळें मागून येणाऱ्यास तसें न वाचण्यास निदान कारण तरी द्यावें लागतें.

गेल्या वर्षीं आम्हीं एक प्रयोग केला. नगरच्या व्याख्यानांतील एक उतारा, वक्त्याचें नांव न सांगतां, विद्यार्थ्यांस दिला व आक्षेपार्ह वाटेल तेथें खूण करावयास सांगितलें. खुणा पुष्कळ झाल्या. दुसरे दिवशीं सबंध व्याख्यान दिलें, तेव्हां बहुतेकांनीं त्या खोडल्या. दोघांनीं मात्र ठेवल्या, व विचारलें तर म्हणाले, शब्द तर कालचेच आहेत. हें आम्हीं वकील स्नेह्यांस कळविलें. त्यांनीं उलट टपालीं एवढेंच विचारलें कीं, ते दोघे पुढें कायद्याकडे जाणार आहेत काय?