प्रती किती, की प्रती कुठल्या?

हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान नगरीत काम करणारे पालक शाळेत बोलायला आले, की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘माहितीच्या तीन प्रती तीन सर्व्हरवर असतात, म्हणून ती नष्ट होऊ शकत नाही.’ हे वाक्य आम्हाला अपुरे वाटते.

त्यामागचे गणित पाहू. एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता ५० त १ धरली, तर तिन्ही बिघडण्याची शक्यता १/५० × १/५० × १/५०, म्हणजे १,२५,००० त १ येते. गुणाकार बरोबर आहे. पण तो करता येतो केव्हा? तिन्ही बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतील तेव्हाच. एका इमारतीतल्या तीन सर्व्हरना आग आणि पूर सामाईक असतात. दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी माहिती केंद्राला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. कर्मचाऱ्यांच्या ८५८ टेराबाइट माहितीची बाहेर कुठेच प्रत नव्हती, ती गेली.

दुसरी उणीव अशी, की प्रतिकृती हुकमाची ताबेदार असते. चुकून पुसलेली नोंद तिन्हीकडे पुसली जाते. त्यासाठी जोडणी तोडून ठेवलेली जुन्या तारखेची प्रत हवी, आणि ती वाचता येते ना, हे तपासायलाही हवे. ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या कंपनीत मुख्य माहितीसाठा चुकून पुसला गेला. राखीव प्रतींच्या अनेक सोयी होत्या; ऐनवेळी बहुतेक निरुपयोगी ठरल्या आणि सुमारे सहा तासांची माहिती गमावली.

हा विचार पुण्याला नवा नाही. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. संपादक वि. सी. सुखटणकर यांनी केवळ पोथ्यांची संख्या मोजली नाही. एकाच पोथीवरून उतरवलेल्या दहा पोथ्यांत तीच चूक दहादा येते. साक्षीदार मात्र एकच. काश्मीरची शारदा लिपीतली पोथी आणि केरळची मल्याळम लिपीतली पोथी जिथे जुळतात, तिथे पाठ जुना असण्याचा संभव अधिक.

एखादी डिस्क बिघडणे ही नेहमीची गोष्ट, आणि तिच्यापुरते पालकांचे वाक्य खरे आहे. पण वर्गात ‘प्रती किती?’ यावर थांबू नये. शाळेच्या हजेरीपटाची दुसरी प्रत कुठे आहे, हे मुलांनाच शोधू द्यावे. ती त्याच कपाटात असेल, तर वाळवीच्या दृष्टीने प्रत एकच!