पाहू नये अशी खूण



समीक्षा म्हटली की आपल्याला कविता, नाटक, फार तर चित्रपट आठवतो. आज आम्ही समीक्षेला घेतला आहे मोटरसायकलच्या हँडलवरचा रस्ता दाखवणारा छोटा पडदा. तत्त्वज्ञानाच्या माणसाने यात कशाला पडावं, असं कुणी विचारील. उत्तर सोपं आहे. हा पडदा ही एक खूण आहे, आणि खूण म्हणजे काय हा प्रश्न आमच्याच घरचा.

मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाचा ‘बीइंग अँड टाइम’ हा ग्रंथ १९२७ साली आला. त्यात खूण म्हणजे काय हे सांगताना त्याने उदाहरण घेतलं ते मोटारीच्या बाणाचं. त्या काळी मोटारींना एक तांबडा, हलणारा बाण लावायला लागले होते. गाडी कुठे वळणार, हे चौकातल्या लोकांना त्यावरून कळे. हायडेगरचा मुद्दा असा, की जो त्या बाणाकडे टक लावून पाहत बसतो त्याला तो बाण खूण म्हणून भेटतच नाही. बाण बघायचा नसतो, बाण बघून बाजूला व्हायचं असतं. खूण आपलं लक्ष स्वतःवर थांबवत नाही, रस्त्याकडे परत पाठवते.

हीच आमची कसोटी. पडदा किती दाखवतो, यावर त्याची किंमत ठरत नाही. तो किती लवकर आपल्याला सोडतो, यावर ठरते.

दुचाकीवर ही कसोटी जास्त कडक लावावी लागते. मोटारीत डोळे माहिती देतात आणि हात गाडी वळवतात. मोटरसायकल शिकवणारा मात्र पहिल्याच दिवशी सांगतो, ‘नजर जाईल तिकडे गाडी जाईल.’ म्हणजे इथे नजर हाच अर्धा सुकाणू आहे. खड्डा, सांडलेली वाळू, ओली पानं, हे चार चाकांना हादरे देतं, दोन चाकांना आडवं पाडतं. आता हिशेब करा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. दोन सेकंद खाली पाहिलं की ३३ मीटर रस्ता न बघता गेला. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये वाहनातल्या उपकरणांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत एका नजरेला दोन सेकंदांची मर्यादा आहे. ती चारचाकीसाठी लिहिलेली. दुचाकीवर तेवढीही उधळपट्टी परवडत नाही.

आता प्रत्यक्ष दोन पडदे घेऊ. रॉयल एनफिल्डने २०२० मध्ये मीटिऑर ३५० बरोबर ‘ट्रिपर’ आणला. वेगमापकाशेजारी एक छोटी गोल चकती, तिच्यात बाण आणि पुढच्या वळणापर्यंतचं अंतर. २०२३ मध्ये हिमालयन ४५० वर चार इंची गोल पडदा आला आणि त्यात गूगलचा सबंध नकाशा. बाजार दुसऱ्याला प्रगती म्हणतो. आमच्या कसोटीवर चालत्या गाडीत पहिला सरस ठरतो. बाण समजून घ्यायला क्षण पुरतो, नकाशा वाचावा लागतो. मी कुठे, वर कुठली दिशा, निळी रेघ कुठे वळते, एवढे तीन प्रश्न सुटल्यावर मग कृती.

आक्षेप रास्त आहे, की पाच रस्ते फुटणाऱ्या चौकात नुसता बाण गोंधळात टाकतो. मान्य. पण मग तिथे गाडी कडेला घेऊन नकाशा पाहावा. नकाशा उभ्या माणसाचा आणि बाण चालत्याचा, अशी ही वाटणी आहे. पडद्याला गाडीचा वेग कळतो. चाकं फिरू लागताच त्याने आपणहून काय काय झाकून ठेवावं, हा रचनाकाराला विचारायचा खरा प्रश्न. २०२४ मध्ये गूगलने भारतातल्या शहरांत ‘उड्डाणपुलावर जा’ असं आधी सांगायची सोय सुरू केली, ती आम्हाला म्हणूनच आवडते. एकच गोष्ट, नेमकी वेळेवर.

आणि आपला कायदा? २०२० च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात, की गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त मार्ग शोधण्यासाठी वापरावं, तेही चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने. वाक्य चांगलं आहे. पण त्याचं सगळं ओझं चालकाच्या खांद्यावर पडतं. एकाग्रता भंगेल असा पडदा रचणाऱ्याला ते काहीच विचारत नाही.

हे ओझं सगळ्यांत जास्त कोण वाहतं, ते संध्याकाळी पुण्या-मुंबईच्या कुठल्याही सिग्नलला दिसतं. जेवण पोचवणारी मुलं. त्यांच्याकडे खास चकती नाही, हँडलला अडकवलेला फोन आहे. त्याच काचेवर नकाशा, त्यावरच पुढची ऑर्डर, त्यावरच ग्राहकाचा कॉल. ‘खाली पाहू नकोस’ असं आपण त्याला सांगतो आणि घरी बसून त्याचा ठिपका कुठवर आला ते आपण पाहत असतो. म्हणजे त्या पडद्याच्या दुसऱ्या टोकाला आपणच आहोत.

तेव्हा ज्यांच्याकडे दुचाकी आहे त्यांनी एवढं करावं. रस्ता निघण्यापूर्वी एकदा पूर्ण पाहून मनात बसवावा. फोन टाकीवर नको, नजरेच्या रेषेजवळ, आरशांच्या उंचीला जमेल तितका वर लावावा. पडद्याला बोट लावायचं तर पाय जमिनीवर असताना. वळण चुकलं तर चुकू द्यावं. यंत्र पुन्हा रस्ता काढतं, त्याला राग येत नाही. आणि ज्यांच्याकडे दुचाकी नाही, फक्त भूक आहे, त्यांनी दहा मिनिटं उशीर झाला म्हणून चालत्या गाडीवरच्या मुलाला फोन करू नये.

प्रश्न असतील तर विचारा. आम्ही थांबलो आहोत.