९२ गुण, अधिक-उणे किती?

वाइनच्या जाहिरातीत ‘९२ गुण’, ‘९५ गुण’ असे आकडे ठळक छापलेले असतात. ही पद्धत रूढ केली ती अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी. १९७८ साली त्यांनी ग्राहकांसाठी ‘द वाइन अ‍ॅडव्होकेट’ हे नियतकालिक सुरू केले आणि वाइनला शंभरपैकी गुण देऊ लागले. (ही मोजपट्टी सुरू होते मात्र ५० पासून!) शाळेत गेलेल्या प्रत्येकाला कळणारी ही भाषा असल्याने ती झपाट्याने पसरली. आपल्या वाचकांपैकी अनेकांचा वाइनशी संबंध येत नसेल; पण गुणांशी रोजच येतो. म्हणून या आकड्याकडे आपण एक मापन म्हणून पाहू.

कोणत्याही मापनाला विचारायचा पहिला प्रश्न असा : तीच वस्तू पुन्हा मोजली तर तोच आकडा येतो का? रॉबर्ट हॉजसन या निवृत्त प्राध्यापकांनी कॅलिफोर्निया राज्याच्या मेळाव्यातील वाइन स्पर्धेत २००५ ते २००८ या काळात हा प्रश्न तपासला. चार तज्ज्ञ परीक्षकांच्या प्रत्येक गटापुढे ३० नमुने येत. त्यांतले तीन एकाच बाटलीतून ओतलेले असत. ते कोणते, हे परीक्षकांना ठाऊक नसे. दरवर्षी ६५ ते ७० परीक्षकांची अशी चाचणी झाली. तिन्ही वेळा एकाच पदकाच्या टप्प्यात बसतील असे गुण देणारे परीक्षक सुमारे १० टक्केच निघाले. आणखी १० टक्क्यांनी तर कधी कधी एकाच वाइनला एकदा कांस्य आणि एकदा सुवर्ण दिले. सर्वसाधारण परीक्षकाचे गुण चारने वर-खाली होत.

२००९ मध्ये हॉजसन यांनी १३ स्पर्धांचे निकाल ताडून पाहिले. तीनपेक्षा अधिक स्पर्धांत उतरलेल्या २,४४० वाइनपैकी ४७ टक्क्यांना कुठे ना कुठे सुवर्णपदक मिळाले होते. पण त्यांपैकी ८४ टक्के वाइनना दुसऱ्या एखाद्या स्पर्धेत काहीही मिळाले नव्हते. विक्रेता जाहिरातीत अर्थातच सुवर्णपदकच छापतो.

असे का होते? जीभ आणि नाक ही काही सुटी उपकरणे नव्हेत. डोळ्यांना काय दिसते आणि मनाची अपेक्षा काय आहे, याचा चवीवर परिणाम होतो. फ्रान्समधील बोर्दो येथे वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळून दिला गेला. त्यांनी तिच्या वासाचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. हा शोधनिबंध २००१ चा आहे. २००८ मधील एका प्रयोगात तीच वाइन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून दिली, तेव्हा ‘महाग’ वाइन लोकांना अधिक आवडली.

मग परीक्षकांचे कौशल्य खोटे म्हणायचे का? तसे नाही. हॉजसन यांनाच असे आढळले, की काय आवडले यापेक्षा काय आवडले नाही, याबाबत परीक्षक अधिक स्थिर असतात. बुचाच्या दोषामुळे येणारा कुबट वास तर एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम एवढ्या द्रव्यानेही जाणवतो. म्हणजे सदोष वाइन बाजूला काढणे जमते. ९१ आणि ९३ यांतला फरक सांगणे जमत नाही. आक्षेप आहे तो चव घेण्याला नाही, तर अनिश्चितता लपवून आकडा छापण्याला. पार्कर यांचे गुण या स्पर्धांतले नव्हते. पण ‘अधिक-उणे किती?’ हा प्रश्न त्यांनाही लागू आहेच.

वर्गात याची चाचणी लिंबाच्या सरबतावर घेता येईल. तीन पेले घ्या. दोघांत सारखी साखर घाला, तिसऱ्यात किंचित जास्त. डोळे बांधून वेगळा पेला ओळखायला सांगा. तीस मुलांपैकी सुमारे दहाजणांचे उत्तर निव्वळ अंदाजानेही बरोबर येईल, हे आधी फळ्यावर लिहा. त्यानंतर निबंधाची एकच उत्तरपत्रिका, नाव झाकून, चार शिक्षकांकडून तपासून घ्या. महिन्याने त्यांच्याकडूनच ती पुन्हा तपासून घ्या आणि दोन्ही वेळचे गुण शेजारी शेजारी मांडा. एका गुणाने हुकलेला वर्ग खरोखरच हुकला होता का, याची चर्चा मग शिक्षकांच्या खोलीत करता येईल.