‘थोडा विरस झाला, पण...’ : प्रवासवर्णनातला पाऊस

आजचा विषय ऐकायला हलका वाटेल. सहलीत लागलेला पाऊस. पण हिंगोलीत बसून पावसाला हलकं म्हणायची सोय नाही, आणि प्रवासवर्णन हा प्रकारही मी हलका मानत नाही.

आपल्याकडची माणसं आता थायलंडला जायला लागली आहेत. शिक्षक, व्यापारी, हळदीचे दोन पैसे बरे मिळाले तर शेतकरीसुद्धा. परत आल्यावर त्यातले काही जण दिवाळी अंकात, रविवारच्या पुरवणीत लिहितात. मी हे लेख आवडीने वाचतो. त्यात एक वाक्य या ना त्या रूपात हमखास भेटतं : पावसाने थोडा विरस झाला, पण एकूण मजा आली. माझी तक्रार या वाक्याबद्दल आहे.

आधी हवामान बघू. फुकेत आणि क्राबी अंदमान समुद्राच्या काठावर आहेत. तिथे साधारण मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस असतो. कोह सामुई हे बेट दुसऱ्या बाजूला, थायलंडच्या आखातात. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. आता आपल्या सुट्ट्या मांडा. मे महिन्यात शाळा सुटल्यावर गेलात की फुकेतला पाऊस गाठतो, दिवाळीत गेलात की सामुईला. पावसाळ्यात तिकडचे दर उतरतात, म्हणून तर ती सहल आपल्या खिशाला परवडते. तेव्हा हा पाऊस काही अचानक उपटलेला नसतो, स्वस्त पॅकेजबरोबरच तो आलेला असतो. लेखात मात्र तो आगंतुकासारखा एका ओळीत येतो आणि जातो.

त्या ओळीत काय काय दडपलं जातं? समजा, वसमतचं एक कुटुंब आहे. आजी, आई-वडील, दोन मुलं. किनाऱ्यावर लाल झेंडा लागलाय, म्हणजे पाण्यात उतरायचं नाही. बेटांवर जाणारी बोट रद्द झालीय. दोन दिवस पाच माणसं एका खोलीत. मुलं कंटाळलेली, बाप मनातल्या मनात पैशांचा हिशोब करतोय, आई पिशवीतले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढतेय. आणि आजी खिडकीशी बसून पाऊस बघतेय. या घरातली माणसं एकमेकांशी कशी वागतात, हे त्या दोन दिवसांत जेवढं कळेल तेवढं पुढच्या चार उन्हाच्या दिवसांत कळणार नाही. लेखकाने नेमकं तेच गाळलं, आणि माहितीपत्रकात आधीच छापलेलं होतं ते पुन्हा लिहिलं.

आता माझा मुख्य मुद्दा. मे महिन्याच्या उत्तरार्धात आपण पेपरात एक बातमी शोधत असतो : मान्सून अंदमानात दाखल. ती आली की आपल्याकडे बियाण्याची, खताची बोलणी सुरू होतात, मृगाकडे डोळे लागतात. फुकेतचा किनारा त्याच अंदमान समुद्राला लागून आहे. तिथे आपली बोट रद्द करणारा पाऊस आणि इथे आपण ज्याची वाट बघतो तो पाऊस, दोन्ही त्याच मोसमी वाऱ्यांचे. पुण्या-मुंबईच्या पर्यटकाला हे सुचलं नाही तर मी समजू शकतो. पण ज्याच्या घरी सोयाबीन पेरायचं आहे, हळद लावायची आहे, त्याने त्या पावसाला ‘विरस’ म्हणावं? हा शब्द त्याचा नाही. तो त्याने दुसऱ्याकडून उसना घेतलाय. माझा आक्षेप या उसनेपणावर आहे.

मराठीत असं पहिल्यापासून नव्हतं. आपल्या नरसीचे नामदेव घ्या. त्यांच्या गाथेतल्या तीर्थावळीत ज्ञानदेव आणि नामदेव यात्रेला निघतात. वाटेत तहान लागते, विहीर सापडते, पण पाणी फार खोल. ज्ञानदेव योगसिद्धीने खाली जाऊन पाणी पितात. नामदेव विठ्ठलाचा धावा करतात आणि विहीर भरून वाहू लागते. प्रवासातली अडचण इथे झाकलेली नाही. दोन सोबत्यांमधला फरक दिसतो तो त्या अडचणीमुळेच. किंवा गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ घ्या. यज्ञाच्या दक्षिणेसाठी उत्तरेत गेलेला हा माणूस 1857च्या धामधुमीत सापडला. त्याचा बेत फसला, आणि 1907 साली छापलेलं ते पुस्तक आपण आजही वाचतो ते त्या फसलेल्या बेतासाठी.

पुलंचं ‘पूर्वरंग’ 1963चं. आग्नेय आशिया आणि जपानचा प्रवास त्यात आहे. आजचे लेखक त्यातली खुसखुशीत शैली उचलतात. पण त्या विनोदामागे माणसांबद्दलचं, गाण्या-नाचाबद्दलचं कुतूहल आहे, ते मात्र तिथेच राहतं. मग नुसत्या कोट्या उरतात.

कुणी म्हणेल, ‘सर, वर्षभर पैसे साठवून गेलेल्या माणसाने रडगाणं लिहायचं का?’ नाही हो. पैसे साठवून गेलेला माणूस गावात येऊन ‘दोन दिवस खोलीत बसलो’ असं सांगायला कचरतो, ते मला समजतं. भावकी हसेल ही भीती खरी आहे. पण मग ती भीतीच लिहा ना! फोटो पाठवताना कोणते दिवस वगळले, घरून फोन आला तेव्हा ‘इकडं मस्त ऊन आहे’ असं कुणी सांगितलं, आणि तिकडून ‘आपल्याकडं आभाळ आलंय का’ या प्रश्नाला काय उत्तर मिळालं. यात रडगाणं नाही. हिंगोलीचा माणूस परदेशात कसा असतो, याचा तो पहिला खरा मजकूर असेल.

यंदाच्या दिवाळी अंकासाठी कुणी लिहिणार असेल तर माझी एवढीच विनंती. किनाऱ्याची माहिती दोन ओळींत उरका. ती खोली, ती खिडकी आणि आजी काय म्हणाली, हे सविस्तर लिहा. आता तुमचे प्रश्न घेऊ या.