दोन क्रॉसांच्या मधली गोळी

पुढचा प्रोपेलर शाफ्ट बदलायचा म्हटलं की हौशी मंडळी आधी जाडी विचारतात. नळी केवढी, क्रॉस कोणता, टॉर्क किती सोसेल? कवितेची प्रत ओळींच्या संख्येवर ठरवावी, तसं हे झालं. शाफ्टचा कस लागतो तो कोनात. आणि ते पाहायचं तर जीप रँग्लरच्या जेके पिढीसारखी (२००७ ते २०१८) गाडी नाही.

कंपनीच्या शाफ्टला ट्रान्सफर केसच्या टोकाशी रझेपा जॉइंट असतो. फोर्डमधले अभियंते आल्फ्रेड रझेपा यांनी १९२०च्या दशकात आणलेली ही रचना. सहा गोळ्या, वक्र खाचा आणि गोळ्यांना कायम कोनाच्या बरोबर मध्यावर धरून ठेवणारा पिंजरा. एका बाजूने जी गती आत जाते, तीच दुसरीकडून बाहेर पडते. मूळ उंचीवर याच्याइतकं मऊ काही नाही. पण मोठे टायर बसावेत म्हणून गाडी तीनेक इंच उचलली, की ट्रान्सफर केस वर जाते, अ‍ॅक्सल खालीच राहतो आणि कोन तीव्र होतो. रबरी बूटच्या घड्या एकमेकींवर घासून फाटतात, ग्रीस उडून जातं आणि वाळू आत शिरते. मग जॉइंट फार दिवस टिकत नाही. शाफ्टला दोष कसा द्यावा? तो या कोनासाठी घडवलेलाच नव्हता.

आता साधा क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, पाहू. सोळाव्या शतकातल्या कार्दानोचं नाव त्याला चिकटलं, सतराव्या शतकात रॉबर्ट हुकने त्याचा अभ्यास केला. यात एक खोड आहे: आत येणारी गती एकसारखी असली तरी बाहेर पडणारी दर फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. १० अंशांच्या कोनात हा फरक जेमतेम दीड टक्का, कळतही नाही. ३० अंशांवर मात्र १३ टक्के मागे आणि १५ टक्के पुढे. कोन दुप्पट झाला की खोड साधारण चौपट होते. शाफ्टच्या दोन्ही टोकांना सारखाच कोन ठेवला आणि योक एका रेषेत बसवले, तर पहिल्याची चूक दुसरा पुसून टाकतो. मधली नळी तेवढी हिसके खात फिरत राहते.

डबल कार्डनची नजाकत इथे आहे. तो दोन्ही क्रॉस शेजारी आणतो आणि मध्ये एक केंद्रगोळी बसवून एकूण कोन त्यांच्यात अर्धा-अर्धा वाटतो. हिसके दोन क्रॉसांमधल्या त्या छोट्याशा तुकड्यातच जिरतात, नळी जवळजवळ एकसारखी फिरते. दोन खोडकर पोरं एका बाकावर बसवून वर्ग शांत करण्याची ही युक्ती मला रझेपाच्या निर्दोषपणापेक्षा जास्त आवडते. इथे दोष लपवलेला नाही, कामाला लावलेला आहे.

पण डबल कार्डनची एक अट असते. दुसऱ्या टोकाला एकच क्रॉस, म्हणून पिनियनचं, म्हणजे डिफरन्शियलच्या आत येणाऱ्या दांड्याचं, तोंड थेट शाफ्टच्या रेषेत हवं. पुढच्या अ‍ॅक्सलवर इथेच भांडण सुरू होतं. उचललेल्या गाडीचं स्टिअरिंग सरळ राहावं म्हणून कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाचा मागचा कल, वाढवला की पिनियन खाली झुकतो. पिनियन वर उचलला की कॅस्टर जातो. दोन्ही पूर्ण मिळत नाहीत. माझं मत विचाराल तर स्टिअरिंगची बाजू घ्यावी. टू-व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या शाफ्टवर इंजिनचा भार नसतो, म्हणून थोडा बेमेळ तो सोसतो. मात्र जेकेमध्ये चाकं त्याला तेव्हाही फिरवत असतात, हे विसरू नये. हायवेवरची थरथर नक्की कुठून येते असा संशय आला, तर पुढचा शाफ्ट काढून गाडी चालवून पाहावी; लगेच कळतं.

जाडीचं थोडक्यात. स्पायसरच्या १३१० क्रॉसचा कप १.०६२ इंचांचा, १३५०चा १.१८८. अधलामधला १३३० रुंदीला १३५०इतका, पण कप १३१०चेच. मोठा क्रॉस म्हणजे मोठा योक, आणि ३.६ लिटर इंजिनाच्या गाडीत एक्झॉस्टचा पाइप शाफ्टला खेटूनच जातो. शिवाय दगडात अडकल्यावर काहीतरी तुटणारच असेल तर डिफरन्शियलमधल्या दातांपेक्षा क्रॉस तुटलेला स्वस्त. बहुतेकांना १३१० पुरतो.

माप गाडी चाकांवर उभी असताना घ्यावं, जॅकवर नव्हे. मग चाकं पूर्ण लोंबकळू द्यावीत आणि स्लिपचे दात किती गुंतलेले राहतात ते पाहावं.

आणि विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारावा: केंद्रगोळीला ग्रीस कुठून द्यायचं? क्रॉसांना ग्रीस गन सहज लागते, या गोळीला बऱ्याचदा सुईसारखं नोझल लागतं. म्हणून ती कोरडीच राहते आणि आधी तीच करकरते. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं दुकान गाठावं.